तीस फूट

शनिवारी संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, आपला पांढरा शर्ट धुतला, नीळ दिली, आणि वाळल्यावर घडी घालून गादीखाली ठेवला. इस्त्री करून देते म्हटलं, तर म्हणाले, “नको गो बाय. गादयेखाली बरी होता.”

रविवारी सकाळी दहा वाजता पार्ल्याला एका शाळेच्या सभागृहात आमचा सिनेमा दाखवणार होते. आमचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा, जयवंतचा. पण तीन वर्षं सगळं घर त्यात राबलं होतं, म्हणून आम्ही आमचाच म्हणायचो. बावन्न मिनिटांचा, काळापांढरा, दहिसरच्या चाळीत शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा. एरवी जयवंत बोरिवलीच्या वॉर्ड ऑफिसात पाण्याच्या तक्रारी लिहून घेतो.

शेजारच्या शांताबाई दारात येऊन बाबांना म्हणाल्या, “काय दत्ताराम भावजी, उद्या जानकीवैनी दिसणार तर!”

“बघूया,” बाबा म्हणाले.

मी मोरीत अनूचे पाय धूत होते. माझा हात तिथेच थांबला. कारण त्या सिनेमात आई नव्हत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, जानकी. त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. आपण सिनेमात आहोत असं समजून त्या गेल्या. नाहीत, हे मला माहीत होतं, जयवंतला माहीत होतं, कॅमेरा धरणाऱ्या श्यामकांतला माहीत होतं. बाबांना कोणी सांगितलं नव्हतं.

“मी सांगेन त्यांना,” जयवंत गेले पंधरा दिवस म्हणत होता.

“काय सांगशील?”

“बघतो गं. तू नको मध्ये पडू.”

बाबांना मी एकदा म्हणूनही बघितलं, की उन्हाचं कशाला येता, शाळेचा जिना दोन मजले आहे, तुमचा गुडघा. ते म्हणाले, “तिका बघूचो होतो ना तो शिनेमा? आता तिच्या वतीन मी बघतलंय.”

*

शूटिंग केलं चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, फक्त रविवारी. गिरण्यांचा संप होऊन दोन वर्षं झाली होती. बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. लालबागची खोली विकून आम्ही दहिसरला नदीच्या अलीकडे दोन खोल्या घेतल्या होत्या. सिनेमातल्या बाईची खोली म्हणून दुसरी जागा कुठून आणणार? आमचीच आतली खोली. मशीनही आईंचंच, पायाचं. त्यावर त्यांनी सगळ्या चाळीचे परकर शिवले होते. बाईचं काम करायला जया यायची. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, आणि राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी. श्यामकांत अंधेरीच्या स्टुडिओत मोठ्या कॅमेरामनच्या हाताखाली चौथा असिस्टंट होता. कॅमेरा त्याने कुणाच्या तरी हातापाया पडून मिळवलेला, रविवारपुरता.

मी वही सांभाळायची. कुठला शॉट, कितवा टेक, किती फूट, जयाच्या हातात बांगड्या किती होत्या, असं सगळं. माझी अनू तेव्हा सात महिन्यांची. ती आईंकडे. अनूला काखेत मारून त्या सात माणसांचा स्वयंपाक करायच्या. काळ्या वाटाण्याची आमटी आणि भात. श्यामकांत तीनदा भात घ्यायचा आणि म्हणायचा, “आई, मोठ्या हिरोच्या सेटवरसुद्धा असं जेवण नसतं.”

“तर मगे जेव. बोलतस कित्या?”

बाबांकडे थर्माकोल होता. खिडकीतून येणारं ऊन थर्माकोलच्या पांढऱ्या तक्त्यावर घ्यायचं आणि ते जयाच्या तोंडावर टाकायचं, एवढंच काम. पण गिरणीतल्या माणसाला सांगितलेली जागा म्हणजे जागा. तासतास ते तो तक्ता धरून उभे राहायचे, हात न हलवता. त्या चार महिन्यांत मी त्यांना संप सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच बरं बघितलं.

फिल्म मात्र फार जपून वापरावी लागे. शंभर फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपायचं. आणि चाळीत बघ्यांना तोटा नाही. जो येईल तो म्हणे, माझा एक घ्या, माझ्या पोराचा घ्या. नाही म्हटलं की नळावर भांडण. त्यावर श्यामकांतने स्टुडिओतली युक्ती काढली. कॅमेऱ्यात रीळ नसताना तो नुसताच चालवायचा. घर्रर्र आवाज व्हायचा, लाल दिवा लागायचा, माणूस केस सारखे करून उभा राहायचा, आणि श्यामकांत ओरडायचा, “कट! झकास!” माणूस खूश, आम्ही मोकळे. चाळीचे मालक, त्यांचे जावई, दूधवाला, सगळ्यांचं असं शूटिंग झालं. आम्ही आत येऊन तोंडावर पदर धरून हसायचो. मीही हसले आहे.

मग तो मे महिन्यातला रविवार आला. शेवटून दुसरा. जेवणं झाली होती. आई भांडी विसळता विसळता म्हणाल्या, “माझा घर, माझी भांडी, माझी मशीन. सगळ्यांका काढलास. त्या दूधवाल्याक काढलास. आणि मी खय रे झिला?”

सगळे हसले. जयवंतही हसला. म्हणाला, “घेऊ आये, घेऊ.”

“घेऊ घेऊ म्हणान आता पाऊस येतलो.”

त्या हात पुसून बाहेरच्या खोलीत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी आल्या तेव्हा आमच्या लग्नातलं नऊवारी नेसून आल्या होत्या, मोरपिशी. अनूला झबलं घातलं होतं, गालाला तीट. त्या खिडकीपाशी पाटावर बसल्या आणि अनूला मांडीवर घेतलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जुनं रीळ संपलं होतं. नवं एकच होतं, शेवटचं, अजून डब्यात. खिडकीतलं ऊन साडेतीनला जायचं, आणि तीन वाजले होते. जयवंतने मला दारामागे ओढलं.

“सुलू, शंभर फूट राहिलेत. जयाचा शेवटचा क्लोजअप आहे. त्याच्यावर सगळा सिनेमा उभा आहे.”

“तीस फूट दे त्यांना. पन्नास सेकंद, जयवंत.”

“तीस गेले की वाट लागली. जयाला पहिल्या टेकला रडू येतं का कधी? पुढच्या रविवारी खरं घेतो ना. शपथ. आज तेवढं असंच करू.”

श्यामकांतने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी वही उघडली. खरं म्हणजे मी नाही म्हणू शकले असते. माझंही मूल होतं त्या मांडीवर.

बाबा आपण होऊन थर्माकोल घेऊन उभे राहिले. कॅमेऱ्यापासून दोन हातांवर.

“काय बोलू मी?” आईंनी विचारलं.

“काहीही बोला आई,” श्यामकांत म्हणाला, “आवाज आपण मागाहून घालतो.”

कॅमेरा सुरू झाला. त्या थोडा वेळ नुसत्या कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या, फोटोवाल्यासमोर बसावं तशा. मग अनूने त्यांचं मंगळसूत्र ओढलं आणि त्या हसल्या, आणि मग आम्हाला विसरून तिच्याशीच बोलायला लागल्या. गावाला जायची वाट सांगत होत्या. मोठी झालीस की एकटी येशील ना, चुकशील बाय, म्हणून सांगतंय. मला सगळं ऐकू येत नव्हतं. माझं लक्ष जयवंतकडे होतं आणि जयवंतचं खिडकीतल्या उन्हाकडे. बाबांनी मात्र एकदा वळून कॅमेऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल. मग त्यांनी थर्माकोल थोडा खाली घेतला, आईंच्या गालावरची सावली गेली, आणि ते तसेच उभे राहिले.

“कट!” श्यामकांत म्हणाला. या वेळी त्याला झकास म्हणायचं सुचलं नाही.

आई उठून माझ्याजवळ आल्या. “माझा नाव लिवलंस?”

मी वहीत लिहिलं: आई आणि अनू, खिडकी. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. पुढे फुटांचा रकाना होता. तो मी कोराच ठेवला.

पुढच्या रविवारी रीळ मिळालं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी कॅमेरा मिळाला नाही. मग पाऊस लागला. मी चारदा आठवण केली, पाचव्यांदा आमचं भांडण झालं. मग मीही गप्प बसले, घरात लहान मूल असलं की गप्प बसायला कारणं सापडतात. आई अधूनमधून विचारायच्या, “माझा धुवून इला काय रे?” शूटिंग झालेली फिल्म लॅबमध्ये धुवायला जाते हे त्या शिकल्या होत्या. “नाही आये, अजून,” जयवंत म्हणायचा आणि चपला घालून बाहेर जायचा.

पंच्याऐंशीच्या गणपतीनंतर त्यांना कावीळ झाली. नवव्या दिवशी त्या गेल्या. हॉस्पिटलमध्ये सलाईन लावायला आलेल्या नर्सला म्हणाल्या, “माझो शिनेमा येतलो, बघूक ये हां. माझ्या मांडयेर माझी नात आसा.” नर्स म्हणाली, हो आजी.

त्यांचा एक धड फोटो घरात नाही. स्वतःच्या लग्नातल्या फोटोत मान इतकी खाली, की मुंडावळ्याच दिसतात. आमच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत कोणा पाहुण्याचं कोपर आडवं आलंय. रेशनकार्डावर फक्त नाव आहे. मेलेल्या माणसाचा फोटो भिंतीला लावतात, तिथे आमच्याकडे नुसता खिळा आहे. बाबांनी ठोकला होता. मग त्यांच्या लक्षात आलं असावं.

आणि जयाचा तो क्लोजअप, ज्याच्यावर सगळा सिनेमा उभा होता, तो एडिटिंगमध्ये निघाला. लांबतो म्हणून.

*

पार्ल्याच्या त्या सभागृहात साठेक माणसं असतील. जयवंत मागे प्रोजेक्टरपाशी उभा राहिला. आमच्याजवळ बसायला आलाच नाही. मी बाबांच्या एका बाजूला, माझ्या मांडीवर अनू. सव्वातीन वर्षांची झाली होती ती. अंधार झाला तशी तिने माझा अंगठा धरला.

पडद्यावर आमची खोली आली. आईंची पातेली, आईंचा चहाचा डबा, त्यांनी गाठ मारून आखूड केलेला पडदा. त्या खोलीत जया फिरत होती. मशीनचं चाक फिरलं. “आपलं मशीन!” अनू ओरडली. पुढचा एक माणूस मागे वळून बघून हसला.

मी बाबांकडे बघायचं टाळत होते. ती खिडकी आली की मला वाटायचं, आता ते पुढे सरकतील. दोनदा आली, तीनदा आली. ते हलले नाहीत. शेवटी एका शॉटमध्ये जया सुईत दोरा ओवते आणि तिच्या कपाळावर हळूहळू उजेड चढतो, तेव्हा ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “ह्यो उजेड माझो.”

मला एकदम रडू आलं. अनूच्या केसांत तोंड खुपसून बसले.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या, बऱ्यापैकी. जयवंतभोवती चारपाच दाढीवाले जमले. मी बाबांना घेऊन जिना उतरले. शाळेच्या पटांगणात पाण्याच्या टाकीपाशी एक कट्टा होता. तिथे ते गुडघा लांब करून बसले. अनू समोर घसरगुंडीवर पळाली.

जयवंत काही सांगणार नाही, हे मला जिना उतरताना कळलं होतं. आणि आज नाही सांगितलं तर बाबा रोज वाट बघत राहतील, की पुढच्या वेळी दिसेल, पुढच्या वेळी दिसेल.

“बाबा,” मी म्हटलं, “आई सिनेमात नाहीत.”

“नाय.”

“म्हणजे कापलं नाही त्यांचं. घेतलंच नव्हतं. त्या दिवशी कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. मला माहीत होतं. मी वहीत खोटं लिहिलं.”

ते अनूकडे बघत होते. “माका म्हायत आसा,” म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. “बाबा, कॅमेरा रिकामा होता.”

“तेव्हाच कळला माका, बाय. छत्तीस वर्सां गिरणीत साच्यावर काढलंय मी. धागो सपलो तरी साचो चलता, पण आवाज बदलता. भरलेली मशीन येगळी बोलता, रिकामी येगळी. चार म्हयने त्या कॅमेऱ्याच्या बाजूक उभो होतंय. त्या दूधवाल्याक काढलास तेव्हाच माका समाजला, ह्यो पोकळ चलता. जयाचो शॉट असलो की कसो, दातांत कायतरी चावल्यासारखो आवाज. तिच्या वेळेक तसो नव्हतो.”

“मग बोलला का नाही तुम्ही?” माझा आवाज चढला असावा. अनूने घसरगुंडीवरून बघितलं. “एक शब्द बोलला असता तरी जयवंतने घातलं असतं रीळ. तुमच्यासमोर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.”

त्यांनी शर्टाच्या बाहीची घडी उलगडली, परत घातली.

“ती बोलूक लागली होती ना,” मग म्हणाले. “मी मध्ये बोललंय असतंय तर ती गप झाली असती. तिका कळला असता, आपल्याक त्या दूधवाल्यासारख्या केलानी म्हणान. पोटच्या झिलान. आणि माका वाटला, झील म्हणता तर पुढच्या आयतवारी घेतलो. माका तरी काय म्हायत, आयतवार सरतले म्हणान.”

म्हणून त्यांनी थर्माकोल खाली घेतला होता. रिकाम्या कॅमेऱ्यापुढे आईंच्या गालावरची सावली काढली होती.

मी त्यांच्या पायाशी बसले. तेवढ्यात जिन्यावर जयवंत दिसला. बाबा पटकन म्हणाले, “तेका सांगू नको. माका म्हायत होता असा कळला, तर तो माझ्या तोंडाकडे बघूचो नाय. एकच झील आसा माका.”

जयवंत समोर येऊन उभा राहिला. हातात फिल्मचा डबा. चेहरा असा, जसा वॉर्ड ऑफिसात साहेबापुढे होत असेल. “कसा वाटला बाबा?”

“बरो आसा. उजेड बरो इलो.”

“बाबा...” तो डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाला, “आयेचं... ते जे घेतलं होतं ना आपण. ते रीळ लॅबमध्ये खराब झालं. त्यांच्याकडून पाणी गेलं त्यात. मी खूप भांडलो. काही उरलं नाही. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं.”

त्याने हे कधीपासून पाठ करून ठेवलं होतं, कोण जाणे. मी अनूच्या चपला शोधायला लागले. त्या समोरच होत्या.

“आसांदे,” बाबा म्हणाले. त्यांनी हात वर करून त्याच्या कोपराला धरलं आणि त्याच्या आधाराने उठले. “तुझी काय चूक? तू घेतलंस. तिका बरा वाटला. झाला.”

जयवंतने मान वळवली. त्याचे खांदे हलत होते. तो डबा छातीशी धरून फाटकाकडे चालायला लागला, रिक्षा बघतो म्हणून. पार्ले स्टेशन तिथून पाच मिनिटांवर आहे.

*

घरी आल्यावर जेवणं झाली. जयवंत भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मी भांडी घासत होते. आतल्या खोलीत, खिडकीपाशी, आईंच्या पाटावर बाबा बसले होते आणि अनू त्यांच्या मांडीवर. तीन वाजले असतील, कारण ऊन त्या दोघांवर होतं.

“आजोबा, आजी कुठे होती? शांताबाई म्हणाली दिसणार.”

“आजी तुझ्याशी बोलत होती. तू बारकी होतीस तेव्हा. हयसरच.”

“काय बोलत होती?”

मी नळ बंद केला.

“तुका वाट सांगत होती गावाची,” बाबा म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला, आणि ते सांगायला लागले तेव्हा शब्द त्यांचे नव्हते. ‘बाय माझ्या’ म्हणायची तऱ्हा आईंची होती, मधला श्वास आईंचा होता. “एस्टी येता ती तिठ्यावर थांबता. थयसर उतराचा, बाय माझ्या. मिठाईच्या दुकानाकडे बघूचा नाय. उजव्या हाताक व्हाळ. पानी कमी आसला तर चपला हातात घेवन जावचा, जास्त आसला तर साकवावरना. साकव हलता, पन पडना नाय. पलीकडे दोन फणस आसत. एकाक धरता, दुसरो वांझ. वांझ फणसाकडे उभ्या ऱ्हवाचा आणि वर बघूचा. वर बघलंस काय...”

ते थांबले.

“काय? वर काय?” अनूने त्यांची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली. “वर काय दिसतं आजोबा?”

साठ वर्षं ते त्याच वाटेने त्याच घरी जात आले होते.

“काय म्हायत,” बाबा म्हणाले. “थयसरच श्यामकांतान कट म्हटल्यान.”